जोड चुकली

दोन्ही हातांच्या तर्जनी एकमेकींना चिकटवून वस्ताद डोळ्यांपुढे धरायचे. एक डोळा बारीक करून त्या बोटांवरून पडद्याकडे बघायचे, सोनार काट्याकडे बघतो तसे. मग बोटं हळूच फाकायची आणि म्हणायचे, “जोड चुकली.”

पडद्यावर तेव्हा अमेरिकेतले दोन उघडेबंब गडी नाकाला नाक लावून उभे असायचे. कुस्ती, ठोसे, लाथा, सगळं एकाच पिंजऱ्यात चालतं, ती ही मारामारी. एमएमए म्हणतात तिला. लढत दुसऱ्या दिवशी असायची. पण वस्तादांची बोटं फाकली, की आमच्या पूर्णा गावातल्या पोरांपुरती ती आदल्या दिवशीच संपलेली असायची. कोण हरणार, एवढंच ते सांगायचे. आणि तो हरायचाच.

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान स्टेशन रोडला, आणि वस्तादांची हाडं बसवायची खोली माझ्या भिंतीला भिंत लावून. पलीकडून “मेलो रे” ऐकू आलं, की समजायचं, कुणाचा तरी खांदा जागेवर गेला. माझी गिऱ्हाइकं दचकायची. मी म्हणायचो, “घाबरू नका, त्यांचं काम झालं. तुमच्या फोनला वेळ लागेल.”

त्यांचं नाव मी सांगत नाही. रेशन कार्ड सोडलं तर ते कुठं वापरातही नव्हतं. सगळं गाव वस्ताद म्हणायचं. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, फुटलेले कान, आणि मान अशी नव्हतीच. डोकं थेट खांद्यावर बसवलेलं. जवानीत पैलवान होते. अंग उतरल्यावर जत्रेच्या कुस्त्यांत जोडी लावायचं काम त्यांच्याकडे आलं.

ज्यांनी गावची कुस्ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आखाड्यात उतरलेल्या पैलवानाशी कोण लढणार, हे तिथंच, मातीत उभं राहून ठरतं. वस्ताद दोघांचे हात हातात घेतात, मनगटं चाचपतात, पायांकडे बघतात, मग दोघांचे हात वर करून गर्दीला दाखवतात. कुणा जाणत्याला वाटलं की हे बरोबरीचे नाहीत, तर त्यानं सरळ आत यायचं, हात वर करायचा आणि म्हणायचं, “जोड चुकली.” हलगी थांबते. दोघं पैलवान बाजूला होतात, दुसरी जोड लागते. कुणाची इज्जत जात नाही. उलट कच्च्या पोराचा बाप त्या माणसाला चहा पाजतो.

आता गंमत बघा. ज्या कुस्तीचा निकाल आधी सांगता येतो, ती जोड चुकलेली. म्हणजे पोरं ज्या अंदाजाला शिट्ट्या मारायची, तो वस्तादांच्या लेखी जोड लावणाऱ्याचा गाढवपणा होता. ते खरे खूश व्हायचे ते काहीच सांगता आलं नाही की. बोटं चिकटलेलीच राहायची.

“वस्ताद, जिंकणार कोण?”

“ते कळलं असतं तर हिला जोड कामून म्हणलं असतं, येड्या!”

मग सगळ्यांना चहा. तसा चहा आम्हाला फार वेळा मिळाला नाही, ही गोष्ट वेगळी.

ह्या मारामारीचं मला पहिल्यापासून वावडं. रक्त बघितलं की मी तोंड फिरवतो. पण मोठा पडदा माझ्याच दुकानात, त्यामुळे रविवारी सकाळी ही सगळी वरात माझ्या डोक्यावर. तिकडे रात्र असते तेव्हा आपल्याकडे सकाळ, आणि माझे पोहे त्या रक्तात बुडायचे. वस्तादांनाही आधी ते पटलं नव्हतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा उठून उभे राहिले. “पाठ टेकली की संपलं ना? हे तर पाठ टेकल्यावर सुरू व्हायलंय!” अंगभर गोंदलेला एक गडी दिसला तर म्हणाले, “सुई लय सोसली ह्यानं. लाथ सोसंल का ते इचारा.” नाही सोसली.

तरी ते बघायला यायचे, कारण त्यांची पोरगी त्यात होती.

शिवलीला. एकुलती एक. आई लहानपणीच गेली. वस्तादांनी पोरीला मातीतच वाढवलं. ते तिला अक्का म्हणायचे, ती त्यांना अप्पा. जिंतूरच्या कुस्त्यांत तिनं मुलींना तर पाडलंच, एका आगाऊ पोरालाही पाडलं, आणि तो रडत घरी गेला ही गोष्ट वस्ताद हाड बसवताना सांगायचे, म्हणजे पेशंटचं लक्ष तिकडे जाई. पुढं ती हैदराबादला गेली आणि पिंजऱ्यात उतरली. बाप माझ्या दुकानात बसून तो खेळ शिकला, तो तिच्यासाठी. हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. “टाइमपास,” म्हणायचे.

तिच्या पहिल्या लढती बरोबरीच्या होत्या. प्रत्येक वेळी बोटं चिकटलेली, आणि वस्तादांचा चहा. मग एकदा तिचा फोन आला. जिच्याशी ठरलं होतं ती मुलगी आजारी पडली होती. तिच्या जागी उत्तरेकडची एक बाई उभी राहणार होती, वरच्या वजनातून खाली आलेली. वस्तादांनी मला त्या बाईच्या जुन्या लढती लावायला सांगितल्या. “आवाज बंद कर,” म्हणाले. बोटं जोडली. फाकली. पोरं म्हणाली, “काय वस्ताद?” वस्ताद उठले, आपल्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

नंतर माझ्याच दुकानातून त्यांनी तिला फोन लावला. स्पीकर चालू राहिला होता, त्यामुळे मी ऐकलं.

“अक्का, माघार घे. ती बाई हाताची भुकेली हाय. तू ठोसा मारल्यावर उजवा हात लवकर वडून घेत न्हाईस. तिनं धरला की गेला.”

“सही केलीय अप्पा. कोच म्हणायलेत, होऊन जाईल.”

“कोचला काय, हात तुजा हाय.”

“अप्पा, मला भ्या घालू नका.”

फोन तिनंच ठेवला. वस्तादांनी फोन सदऱ्याला पुसून काउंटरवर ठेवला. मग एकदम त्यांचा चेहरा मोकळा झाला. म्हणाले, “भाऊ, मीच जातो की! आदल्या दिवशी समोरासमोर उभं करत्यात ना दोघींला? तितं उठायचं, हात वर करायचा. एवढंच तर असतंय.”

मी म्हटलं, “वस्ताद, तिथं तसं चालत नाही हो.”

“माणसंच हायेत ना तितं? जाणता माणूस आत आल्यावर कोणबी थांबतंय.”

मी पुष्कळ सांगून बघितलं. त्यांना ते खरंच कळेना. त्यांच्या उभ्या जन्मात वर केलेला हात कुणी मोडला नव्हता. परीटघडीचं धोतर, पांढरा सदरा, जत्रेला बांधायचे तो फेटा. हैदराबादच्या गाडीत बसवायला स्टेशनवर मी गेलो होतो. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाले, “दुसरी जोड लावा म्हणतो. चांगली माणसं असतील.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दुकानात पडद्यासमोर. वजनं झाली. शिवलीला आणि ती बाई स्टेजवर आल्या, नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. दिवे, धूर, दणदणीत गाणं. आणि डाव्या बाजूनं फेटा आला.

वस्ताद शांतपणे चालत आले, अगदी आखाड्यात चालतात तसे, सावकाश, चपला काढून. दोघींच्या मधे उभे राहिले. उजवा हात वर केला. ओठ हलले. गाण्यात काही ऐकू आलं नाही, पण दुकानात एकूण एक जणाला कळलं ते काय म्हणाले.

तिथं हलगी नव्हती, थांबायला. आधी गर्दी हसली. काळ्या टी-शर्टातल्या दोघांनी त्यांना बगलेत धरून उचललं. पाय जमिनीला लागत नव्हते, तरी हात वरच होता. ती बाई पोट धरून हसत होती. शिवलीलाचा चेहरा मी बघितला आणि नजर काढून घेतली.

तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. तुमच्याही फोनवर आला असेल. खाली गाणं टाकलेलं, आणि वर लिहिलेलं, ‘केटरिंगवाला स्टेजवर.’ फेट्यामुळे. लग्नात दारावर उभे करतात ना, तसला माणूस वाटला लोकांना. माझ्याच दुकानात एक गिऱ्हाईक मला तो हसत हसत दाखवायला आलं. त्याचा फोन मी दुरुस्त केला नाही. चालता हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लढत झाली. पहिल्याच फेरीत शिवलीलानं ठोसा मारला आणि उजवा हात पुढं राहिला. त्या बाईनं धरला, पायांत घेतला, आडवी झाली. अशा वेळी हरलो म्हणायची सोय असते. समोरच्याच्या अंगावर हात थोपटायचा, पंच लगेच सोडवतो. शिवलीलाचा डावा हात मोकळा होता. आम्ही सगळे ओरडत होतो, “थोपट, अगं थोपट!” ती वर छताकडे बघत राहिली. कोपर उलटं फिरलं तेव्हा मी डोळे मिटले. पोरांनी पडदा बंद केला.

तिनं का थोपटलं नाही, ते मला पुढं तिनंच सांगितलं. फोनची काच बदलायला आली होती, प्लास्टरात. म्हणाली, “काका, मी थोपटलं असतं तर सगळं जग म्हणलं असतं, केटरिंगवाला खरं बोलला. अप्पा आले नसते तर मी थोपटलं असतं. हात धरल्या धरल्या थोपटलं असतं.”

देवा, हे वस्तादांच्या कानावर जाऊ नये असं मला फार वाटलं. पण ते पलीकडे बसलेले होते, आणि भिंत तर पातळ.

कोपर वाकडंच जुळलं. आख्ख्या तालुक्याची हाडं बसवणाऱ्या माणसाच्या पोरीचा हात सरळ होईना. प्लास्टर निघाल्यावर वस्ताद तिळाचं तेल कोमट करून वाटीत घ्यायचे आणि तिच्यासमोर नुसते बसायचे. ती म्हणायची, “हात लावू नका.” तेल गार व्हायचं. ते परत कोमट करून आणायचे. शेवटी ती हैदराबादला निघून गेली, कसल्याशा दुकानात नोकरीला. फोन करायची नाही. ह्यांचा उचलायची नाही.

रविवारी पोरं यायची, पडदा लावायची. वस्तादांना हाक मारायची. ते म्हणायचे, “डोळ्यांनी कमी दिसायलंय.” मग पोरांचंही येणं सुटलं. मी सकाळी निवांत पोहे खायला लागलो, आणि निम्मे बशीतच राहायला लागले.

जत्रेला मात्र लोकांनी त्यांना ओढून नेलं. दोन तरणे पैलवान आत आले. वस्तादांनी एकाचं मनगट धरलं, दुसऱ्याचं धरलं, आणि तसेच उभे राहिले. हात वर करीनात, सोडीनात. हलगी वाजून वाजून थांबली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “लावा की वस्ताद!” पैलवान बिचारे लाजून हसत होते. मी आत गेलो. त्यांचा अंगठा धरला तर लोखंडासारखा. ते माझ्या कानाशी म्हणाले, “भाऊ, बरोबरीचे हायेत का रे हे? सांग की. मला काहीच कळंना झालंय.” एकेक बोट उलगडून मी ते हात सोडवले. पैलवानांच्या मनगटावर वळ उठले होते.

त्यानंतर खोलीला कुलूपच दिसायचं. आणि थंडीत एके सकाळी ते उठलेच नाहीत.

लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. मांडी घालून, डाव्या तळहातावर लिंग, उजवा हात गुडघ्यावर. वस्तादांना खड्ड्यात बसवलं तेव्हा जत्रेत आखाड्याच्या कडेला बसायचे तसेच दिसले. फेटाही तोच बांधला होता. कुणी बांधला, कोण जाणे.

शिवलीला आली ती सरळ रेल्वेतून तिथंच. सगळ्यांनी बेल, भस्म वाहिलं. ती पुढं झाली आणि खड्ड्यात उतरली. बाया उतरत नसतात, असं कुणीतरी मागून म्हणालं. तिनं ऐकलं नाही.

तिनं त्यांचा उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. तो ताठला होता, उचलेना. मग तीच त्यांच्यापुढे मातीत बसली, वाकली, आणि आपलं वाकडं कोपर हळूहळू त्या तळहाताखाली सरकवलं. तसंच धरून ठेवलं. “बघा अप्पा,” म्हणाली. “बसवा की.”

वर आम्ही सगळे मुठीत माती घेऊन उभे. विधी करणारे जंगम म्हणाले, “बाई, वर या आता.” ती आली नाही. आमच्या मुठीतली माती ओली होत चालली होती, आणि ती पहिल्यांदा टाकायला कुणाचाच हात पुढं होईना.