ऑपरेशनवाल्याची जीप

माझ्या सख्ख्या बहिणीचं, तिच्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नसताना, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करायला मी जीप घेऊन गेलो होतो, असा साक्री तालुक्यातल्या एका गावाचा आजही समज आहे. तिथली दोन-चार म्हातारी माणसं अजूनही मला लांबून बघितलं की नातसुनांना घरात पाठवतात. मी काही बोलत नाही. आपण बोललो की प्रकरण वाढतं, हे मला त्याच दिवशी कळलं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी पुण्याहून एम.एस्सी. करून धरणगावजवळच्या आमच्या गावी आलो होतो. विषय संख्याशास्त्र, आणि त्यातला माझा लाडका पेपर ऑपरेशन्स रिसर्च. म्हणजे काय, तर हाताशी आहे तेवढ्यात, कमीत कमी नासाडी करून काम कसं उरकायचं ते गणितानं ठरवायचं. ट्रक कुठल्या रस्त्यानं न्यावा, विहिरीचं पाणी आधी कुठल्या वावराला द्यावं, सगळं गणितानं! आमचे सर म्हणायचे, "जमिनीतलं तेल संपणार, पाणी संपणार. पुढच्या पिढीसाठी काही उरवायचं असेल तर हे गणित खेड्यात न्या." मी नेलं. (बहिणीच्या सासरी न्या, असं सर कधीच म्हणाले नव्हते.)

गावानं मात्र त्यातला 'ऑपरेशन' एवढाच शब्द उचलला. त्या काळात आमच्याकडे ऑपरेशन म्हणजे एकच! सरकारी जीप यायची, बायकांना भरून कॅम्पला न्यायची आणि परत आणून सोडायची. शेजारच्या काकू आईच्या कानाशी लागून म्हणाल्या, "एवढा पुण्याला शिकवला, अन् हेच काम मिळालं का हो त्याला?" आठवडाभरात मी गावभर 'ऑपरेशनवाला' झालो. मला राग यायला हवा होता. पण मला वाटलं, चला, निदान अर्धं नाव तरी लोकांच्या तोंडात बसलं!

तेवढ्यात आखाजी आली. अक्षय तृतीया बाकीच्यांसाठी सोनंबिनं घ्यायचा दिवस असेल, खानदेशात ती सासुरवाशिणींची आहे. झोके, गाणी, आमरस, आणि माहेर! पण लेक आपली आपण पिशवी उचलून येत नाही. माहेरचा मुऱ्हाळी, म्हणजे भाऊ किंवा भाच्या-पुतण्यातला कोणी, तिला घ्यायला जातो. त्यानं सासरच्या घरात जायचं, गूळपाणी घ्यायचं, जेवायचं, व्याह्यांना हात जोडून "लेकीला नेतो" म्हणायचं, मग लेक उंबऱ्याबाहेर पाऊल टाकते. मुऱ्हाळी नीट आला नाही तर त्या पोरीला वर्षभर सासरी टोमणे खावे लागतात.

आणि माझ्या धाकट्या बहिणीची, शालूची, ती पहिली आखाजी होती. तिला दिलं होतं साक्री तालुक्यात, तिकडे पिंपळनेरच्या बाजूला. शिवाय अमळनेरजवळची सुमनआत्या आणि शिंदखेड्याकडची चुलतबहीण मालू, ह्यांनाही आणायचं होतं. त्या वर्षी डिझेलची टंचाई अशी की पंपावर माणसांपेक्षा ड्रमच जास्त उभे!

"नाना," मी वडिलांना म्हटलं, "तीन लेकी, तीन मुऱ्हाळी, तीन गाड्या, अन् सगळ्या एकाच दिशेला! हा डिझेलचा सत्यानाश आहे."

"मग लेकी काय पोष्टानं मागवू?"

"एक जीप. एक फेरी. गोल!" मी ओट्यावर खडूनं खानदेशच काढला. "अमळनेर, शिंदखेडा, साक्री, पिंपळनेर, आणि परत येताना धुळे, पारोळा, एरंडोल. एकही रस्ता दोनदा तुडवायचा नाही. गावात शिरायचंच नाही, प्रत्येकीनं आपापल्या फाट्यावर येऊन थांबायचं."

नाना पानाला चुना लावत होते, ते थांबले. "फाट्यावर? आपल्या पोरी काय कापसाच्या गाठी आहेत?"

"घरोघरी जेवणं होतात, त्यात दिवस जातो नाना."

"जेवणं होतात म्हणून तर सोयरीक टिकते, भो."

"पुढच्या पिढीचा विचार करा जरा!"

"मी आत्ताच्या पिढीचा करतो," नाना म्हणाले. "शालूचा सासरा कडक माणूस आहे. तुझ्या शहाणपणात काही कमीजास्त झालं तर तुझं काही जाणार नाही. पोरीला भोगावं लागेल." पण डिझेल खरंच मिळत नव्हतं, त्यामुळे नानांनी पुढे वाद घातला नाही.

आता निरोप पाठवायचे. आत्याला आणि मालूला माणसाकरवी कळवलं. शालूच्या गावाकडे आमच्याच गावचा एक कंडक्टर धुळ्याहून एसटी घेऊन जायचा. त्याला मी नीट समजावून सांगितलं, "फाट्यावरच्या पानटपरीत शालूच्या सासऱ्यांसाठी निरोप ठेव. उद्या जीप येतेय, सूनबाईला फाट्यावर तयार ठेवा. जीपमध्ये दुसऱ्या बायकाही असतील. आणि सकाळी काही खाऊ नको म्हणावं." (जीपमध्ये शालूला उलट्या होतात, म्हणून. सगळ्या बाजूंनी विचार करायची सवय हो!)

कंडक्टर बिचारा प्रामाणिक. त्यानं शब्दन् शब्द पोचवला. फक्त, कोणाची जीप, असं टपरीवाल्यानं विचारल्यावर तो गावातल्या सवयीनं बोलून गेला, "ऑपरेशनवाल्याची!"

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. जीप धरणगावच्या रशीदभाईंची, चालवायलाही तेच. अमळनेरच्या पुढच्या फाट्यावर सुमनआत्या डोक्यावर पदर घेऊन रणरणत्या उन्हात उभी होती. जीपमध्ये बसली आणि थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं.

"का रे, आपलं गाव मागं ना?"

"हो आत्या. पण आपण आधी पिंपळनेरला जाऊन मग गोल फिरून घरी येणार."

"अरे, माझं माहेर इथनं हाकेवर! अन् तू मला जिल्हा दाखवतोस?"

"एकच रस्ता दोनदा तुडवायचा नाही, हे तत्त्व आहे आत्या."

"तुझ्या तत्त्वाला लागो आग!" आत्यानं चादर ओली करून डोक्यावर घेतली आणि मागच्या बाकावर आडवी झाली. शिंदखेड्याच्या बाजूला मालू चढली. तो रस्ता इतका खडबडीत, की शालूला होणाऱ्या उलट्या मालूलाच सुरू झाल्या. रशीदभाई आरशातून बघत हळूच म्हणाले, "भैया, ये त्योहार है ना पक्का?"

शालूच्या फाट्यावर पोचलो तर तिथे ही गर्दी! पुढे शालूचे सासरे, आबा. हातात काठी. मागे पंधरा-वीस बाप्ये, त्यांच्या मागे बायका. शालू कुठेच नाही.

"स्वागत के लिए आए लगते," रशीदभाई म्हणाले. मलाही तसंच वाटलं. मी हात हलवला. समोरून कोणीही हलवला नाही.

"तो ऑपरेशनवाला म्हनजे तूच का रे?" आबांनी विचारलं.

"हो आबा, मीच!" मी (अभिमानानं! देवा रे!) म्हणालो.

"देख, कबूल करस!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"मनी सूनले लेवाले उना का तू?"

"हो तर, सुनेला न्यायलाच आलोय! ह्या दोघी आधीच घेतल्या. आता ही शेवटची, म्हणजे आजच सगळं आटपतं."

सगळ्यांनी जीपमध्ये वाकून पाहिलं. आत्या ओली चादर गुंडाळून कण्हत पडलेली, मालू बाहेर डोकं काढून पोट धरून बसलेली. एका म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. "ओ माय वं! ह्यास्नं तर व्हयी गय वाटस!" (म्हणजे, ह्यांचं तर उरकलं वाटतं!)

आबांचा चेहरा लालबुंद. "लगीनले वरीस व्हयनं नही, घरमा लेकरू नही! आनि तू सख्खा भाऊ!"

आता तरी मला उमजायला हवं होतं की नाही? पण माझ्या डोक्यात गोल फेरी! मला वाटलं, आबांना एवढ्या लवकर शालूला पाठवायचं नाहीये. मी त्यांची समजूत घालू लागलो. "आबा, ह्यात सगळ्यांचंच भलं आहे. मी हे पुढच्या पिढीसाठीच करतोय!"

"पुढली पिढी तू येऊ दिशी तवय ना!" आबा गरजले. "आनि उपाशी पोटे धाडा म्हने!"

"ते उलटीसाठी होतं..."

"ऑपरेशनना आगोदर उपाशीच ठेवतस! आमले बठ्ठं म्हाईत शे!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "आबा, ते ऑपरेशन नाही हो! हे वेगळं ऑपरेशन! ह्यात फक्त कमीत कमी..."

"कमीत कमी काय? पोरं?"

काठी वर गेली. मी डोळे मिटले. मला वाचवलं ते सुमनआत्यानं. ती चादरीसकट जीपमधून उतरली (दोन बायका भुताला पाहिल्यासारख्या मागं सरकल्या) आणि आबांसमोर उभी राहिली. "हाऊ मना भाऊना पोऱ्या शे, आबा. हाऊ कसानं ऑपरेशन करस! हाऊ गनित करस, गनित! डिझेलनं! येनी मले अमळनेरथून आठे फिरायी आनं, आनि मनं माहेर तिकडे शे!"

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि बघता बघता अख्खा फाटा हसायला लागला. रशीदभाई तर स्टेअरिंगवर डोकं टेकून हसत होते. आबा तेवढे हसले नाहीत. त्यांनी काठी खाली घेतली आणि शांतपणे विचारलं, "मना घरले दार नही का, भाऊ?"

काठी खाल्ली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. मी खाली मान घालून त्यांच्यामागे चालत गावात गेलो. आत्या आणि मालू माझ्यामागे. लोक ओट्यावर येऊन बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

शालू चुलीपाशी बसली होती. डोळे सुजलेले. ट्रंक भरून परत रिकामी केलेली दिसत होती. मला बघून उठलीसुद्धा नाही.

"दादा, काल एसटी आल्यापासून ह्या घरात माझ्याशी कोणी धड बोललेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, तुला मूल नको होतं तर आधी सांगायचं, चोरून माहेरी निरोप कशाला पाठवला? शेजारणी येऊन माझ्याकडे बघून गेल्या. मी शपथा घेतल्या, दादा."

"शालू, मी फक्त डिझेल..."

"नानांनी तुला सांगितलंच असेल ना, घरी जाऊन आण म्हणून?"

इतकी पुस्तकं वाचून मी माझ्याच बहिणीला तिच्या सासरी रडायला लावलं होतं, आणि तेही तिच्या पहिल्या आखाजीला. मला स्वतःची इतकी लाज पुन्हा कधी वाटली नाही.

मग मी बाहेर येऊन रीतसर गूळपाणी घेतलं, आबांना आणि विहीणबाईंना हात जोडले, आणि खरंच चुकलो म्हणून सांगितलं. विहीणबाईंनी पान वाढलं. मांडे, रस, कुरडया. मी पानावर नुसता मांडा कुस्करत होतो, आणि त्या माउली वाटीत रस ओतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होत्या, "खाय भाऊ, खाय! उपाशी पोटे ऱ्हावू नको!" आतून शालूच्या हसण्याचा आवाज आला. तो ऐकून मला जरा बरं वाटलं.

पण आबांनी एक अट घातली. शालू त्या जीपमध्ये बसणार नाही. बसलेली दिसली की बठ्ठा गाव म्हणेल, शेवटी नेलीच! तेव्हा मी तिची ट्रंक डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत पायी निघालो, आणि आबा आमच्या पुढे चालत प्रत्येक ओट्याशी थांबून सांगत होते, "माहेरले चालनी, आखाजीले! फक्त आखाजीले!" आम्ही एसटीनं धुळ्याला, आणि तिथून गाड्या बदलत घरी पोचलो.

इकडे जीपमध्ये वेगळंच पेटलं होतं. मालू म्हणाली, शालूला घरून नेलं, मग मी काय उकिरड्यावरून आले का? मलाही घरून न्या! आत्यालाही ते पटलं. मी तर एसटीत. मग जीप आल्या वाटेनं परत फिरली, आणि दोन्ही घरी रशीदभाईच मुऱ्हाळी झाले! त्यांनी रीतसर हात जोडले, गूळपाणी घेतलं, दोन्हीकडे पोटभर जेवले. मी डिझेल गोल फेरीला लागेल तेवढंच, मोजूनमापून भरलं होतं. ते अमळनेर ओलांडल्यावर संपलं, आणि आत्या नि मालू बैलगाडीतून आखाजीच्या दुपारी माहेरी पोचल्या. नानांनी माझ्याकडे बघून विचारलं, "उरलं का पुढच्या पिढीसाठी?" मी झोक्याची दोरी तपासायला निघून गेलो.

पुढच्या वर्षी शालूला जुळं झालं. आबांनी हट्टानं आपल्या घरी ठेवलेल्या बारशाला आम्ही सगळे एसटीनं गेलो, आणि फाट्यावरून चालत अगदी घरापर्यंत. भर मांडवात आबांनी माझा हात धरून मला उभं केलं आणि पाहुण्यांना ओरडून सांगितलं, "हाऊ आमनी सूनना भाऊ! येनं ऑपरेशन फेल गय!" मांडव गडाबडा लोळला. मी तोंड लपवत पाळण्याकडे सरकलो आणि एका भाच्याला उचलायला वाकलो, तर शालू म्हणाली, "दोघांना एकदमच घे दादा, तुझी एक फेरी वाचेल."

घेतलं दोघांना. आणि त्यांनीही मामाची काटकसर सांभाळून, वेगवेगळा वेळ न दवडता, एकदमच माझा कोरा शर्ट ओला केला!