कमरूभाई आणि बावन्न अंश

घोडेगावच्या बाजारात कुजबुज अशी, की सबस्टेशनच्या कमरुद्दीन ऑपरेटरला म्हैस विकायला जायचं होतं, म्हणून त्यानं शुक्रवारी भरदुपारी अकरा गावांची लाईट घालवली. मीही दोन ठिकाणी म्हशीची शिंगं वाढवून सांगितली. खोटं कशाला बोलू?

कमरूभाईचा बाप जनावरांचा व्यापारी. कानाच्या मुळाशी हात लावून जनावराचा ताप ओळखायचा. लेक पाळीवर आला, की तसाच ट्रान्सफॉर्मरच्या पोलादी अंगावर तळहात ठेवी. त्याची बायको हुमेराभाभी म्हणायच्या, "माझ्या तापाची एवढी चौकशी कधी केली न्हाई!"

एप्रिलात विहिरींवरच्या मोटारी जोरात. पण तेलाचं तापमान सांगणारा सेन्सर पहाटे बावन्न दाखवी, दुपारीही बावन्नच. ट्रान्सफॉर्मरवरचा काट्याचा थर्मामीटर दोन वर्षं फुटलेला. कमरूभाईच्या अर्जांना उत्तर नाही. त्या शुक्रवारी तळहात तीन म्हणेपर्यंत टिकेना. त्यानं नगरला साहेबांना फोन लावला.

"स्क्रीनवर बावन्न आहे. चालू ठेव."

"सायेब, मढंसुद्धा एवढं एकसारखं राहत न्हाई. सेन्सर बिघडलाय."

"तुझा हात म्हणजे यंत्र आहे का?"

"न्हाई. म्हणून तर चटका कळतो."

साहेबांनी फोन आपटला. कमरूभाईनं लाईन बंद केली.

तासाभरात झुंबरबाई फाटकावर. "आरं कमरू, वाळलेला ऊस तुझ्या म्हशीला घालू का?"

"घाला मावशी. पन ह्यो ट्रान्सफॉर्मर पेटला, तर म्हैनाभर लाईट न्हाई."

संध्याकाळी आरती नावाची नवी इंजिनिअर हातातला थर्मामीटर घेऊन आली. लाईन बंद होऊन चार तास झाले होते, तरी तेल एक्क्याऐंशी अंश. स्क्रीनवर बावन्न. तिनं तसं लिहून दिलं. आणि दुसऱ्या दिवशी कमरूभाईच्या हातात काय पडलं? निलंबनाचा कागद! निवृत्तीला चौदा महिने राहिलेल्या माणसाला! एकोणीस दिवस एकच आकडा त्या साहेबाच्या नाकासमोर होता. एकदा तरी शंका यावी? यंत्राला जाब विचारायची अक्कल नाही, माणसाला विचारायचा मात्र जोर. आणि आम्ही गावकरी शहाणे, म्हशीचे दात मोजत बसलो!

सेन्सर दोन दिवसांत बदलला. निलंबन उठायला साडेतीन महिने लागले. माफी कुणीच मागितली नाही, मीसुद्धा.

कमरुद्दीनकडे म्हैस नव्हती. त्या शुक्रवारी तो सबस्टेशनातून बाहेर पडला नाही. सेन्सरची वायर तुटली होती आणि स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच राहिला होता.