प्रश्नाखालचं नाव

तुमच्या तोंडून निघालेल्या प्रश्नासाठी दुसऱ्याच कुणाला उभं केलं, तर तुम्ही उठाल का?

मी उठले नाही. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बाबांना तर नाहीच.

भूकंपात आमचं गाव गेलं. पुनर्वसनाची घरं मिळावीत म्हणून बाबा पत्रकं काढायचे. मी नंतर जन्मलेली. त्या उरलेल्या पत्रकांवरच वाचायला शिकले. बाबा म्हणायचे, "खाली नाव नसंल तर ते पत्रक न्हाई, रद्दी हाय." हे वाक्य मी पुढं भाषणांतून वापरलं. टाळ्याही घेतल्या.

आणि लातूरच्या त्या मेडिकल प्रवेशाच्या क्लासात?

शबाना माझ्या खोलीत राहायची. उदगीरची. क्लासात शंका विचारणारी ती एकटीच. मी गप्प असायची — वरच्या बॅचमधली जागा जाईल म्हणून. त्या दिवशी पडद्यावर चेतापेशीचं चित्र होतं, दिवे बंद. अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा तो लांब धागा — पोटातल्या बाळाच्या मेंदूत तो नेमक्या जागी पोचतो कसा? त्याला वाट कोण दाखवतं? अंधारात मी विचारून बसले.

दिवे लागले. "वाट? नांदेडच्या बसमधी बसला का काय तो?" सर म्हणाले. अख्खा हॉल हसला. "शबाना, तूच ना? पेपरला येतंय का हे?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली — आणि हसलेसुद्धा. हो, हसले.

"हाव सर, मीच," ती म्हणाली.

"मंग उद्यापासून खालच्या बॅचला बस. तिथं लई येळ हाय लोकांकडं."

संध्याकाळी मेसच्या रांगेत तिनं हळूच विचारलं, "उत्तर भेटलं का गं तुला?" टोमणा नव्हता तो. मी ताट घेऊन दुसरीकडं बसले. दिवाळीला ती गावी गेली, ती परत आलीच नाही. तिची कॉट रिकामी राहिली. मी एकटीच पाठांतर करत राहिले — कुणाला ऐकवायचं होतं ते?

उत्तर पुढं वाचायला मिळालं. गर्भात काही पेशी प्रथिनं बाहेर सोडतात. ती आसपास पसरतात. काही त्या धाग्याच्या टोकाला जवळ ओढतात, काही दूर लोटतात. कित्येक धाग्यांना डाव्या-उजव्या बाजूंमधली मध्यरेषा आधी ओढून घेते. एकदा ओलांडली, की तीच त्यांना लोटते. म्हणून ते मागं वळत नाहीत.

मलाही भीतीनं असंच लोटलं, असं लिहायचा मोह झाला. खोटं आहे ते. धाग्याला निवड नसते. मला होती.

माफी मागत नाही. उदगीरकडं कुणी तिला ओळखत असेल, तर एवढंच सांगा — उत्तर मिळालं. आणि तो प्रश्न रेखाचा होता.