पिंगळीच्या सफरचंदांचं काय करायचं

निवृत्त झाल्यावर माणसानं निदान वर्षभर काही ठरवू नये, असं माझं आता मत आहे. मी पहिल्याच महिन्यात ठरवलं. सगळी नोकरी येलदरीला वीजकेंद्रात गेली. यंत्रांवरचे काटे बघायचे आणि काटा हलला की वरच्यांना कळवायचं, हे माझं काम. त्यामुळे जगात सगळ्याच गोष्टी काट्यावर चालतात अशी माझी समजूत झाली होती. परभणीत घर बांधलेलं होतं, पिंगळीला वडिलोपार्जित थोडं वावर होतं, आणि हातात मोबाइल होता. मोबाइलवर एक गृहस्थ भर उन्हात सफरचंदाच्या झाडाखाली उभे राहून सांगत होते की, कमी थंडीवर येणारी सफरचंदाची जात आता कुठंही लावता येते. मी तो व्हिडिओ बायकोला दाखवला.

ती म्हणाली, "त्या माणसाला रोपं विकायचीत."

ते खरंच होतं. खाली त्यांचा नंबर होता. पण मी तिला परभणीच्या थंडीचं माहात्म्य समजावून सांगितलं. दरवर्षी हिवाळ्यात आपल्या गावाचं नाव पेपरात येतं, पारा किती उतरला ते छापतात, लोक शेकोट्या पेटवून बसतात, मग सफरचंदाला आणखी काय पाहिजे? ती म्हणाली, "आणि उन्हाळ्याचं?" मी त्या नंबरावर फोन लावला.

रोपं आली. विहिरीजवळच्या बांधाला मी ती ओळीनं लावली. शेजारच्या वावरातले एक शेतकरी खुरपं खाली ठेवून बघायला आले. सगळी लावणी होईपर्यंत ते बांधावर बसून राहिले. मग म्हणाले, "सायेब, काश्मीरला जायचं तर पिंगळीच्या ठेसनावरून गाडी हाय की. हितं कशाला आणायलाव?"

पाथरीला माझ्या मेहुण्याची आडत आहे. त्याला ही बातमी मी सांगायच्या आधीच कळली. त्यानं फोन करून विचारलं, "दाजी, बर्फाची काय सोय केलाव?"

झाडं मात्र जगली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं सांगण्यासारखं माझ्या बाजूचं फारसं काही नाही. तिसऱ्या वर्षी शिमग्याच्या सुमारास पांढरी-गुलाबी फुलं आली. मी त्यांचे इतके फोटो काढले की, नातेवाइकांच्या ग्रुपवरून दोघे जण निघून गेले. फुलांची फळं झाली आणि मे महिन्यात ती उतरवली. सगळी मिळून दोन क्रेट भरले. मोठ्यातलं मोठं फळ पेरूएवढं, लहान लिंबाएवढं. रंग पिवळट हिरवा, आणि ज्या बाजूला ऊन लागलं तिथं थोडी लाली. मला ती देखणी वाटली.

मी पिशवी घेऊन कॉलनीत घरोघर वाटायला निघालो. पहिल्याच दारात बाईंनी पिशवीत डोकावून काळजीनं विचारलं, "कोण आजारी हाय?" आपल्याकडं सफरचंद दवाखान्यातच दिसतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुढच्या घरातल्या निवृत्त तहसीलदारांनी एक फळ पुसून खाल्लं, बराच वेळ चावलं आणि म्हणाले, "बोर चांगलं आहे." ते चेष्टा करत नव्हते. मी चेहरा हसरा ठेवून घरी आलो आणि स्वतः एक खाल्लं. आंबट होतं. वाईट नव्हतं, पण ज्याला सफरचंद खायचं आहे त्याला ते सफरचंद वाटणार नव्हतं, एवढं खरं.

दोन क्रेट घरात आणि बाहेर मे महिना. चार-दोन दिवसांत फळं मऊ पडायला लागली. ती टिकवायची आणि गोड करायची, असं मी ठरवलं. बायकोनं माझ्याकडं कपाळाला आठी घालून पाहिलं. म्हणाली, "माझ्या भांड्यास्नी हात लावायचा न्हाई." मग थोड्या वेळानं माळ्यावरून एक जुनं पातेलं काढून दिलं. ते एका बाजूनं चेपलेलं होतं.

पहिल्यांदा जॅम केला. त्यासाठी मी बाजारातून थर्मामीटर आणला. पातेल्यात फोडी, साखर आणि थर्मामीटर सोडून मी समोर खुर्ची टाकून बसलो. आयुष्यभर जे केलं तेच करायचं होतं, काटा बघायचा. बायको दोनदा येऊन म्हणाली, "उतरवा आता, घट्ट झालंय." मी म्हणालो, "अजून आकडा आला नाही." आकडा आला तेव्हा पातेल्यातून बुडबुड्यांचा आवाजही बंद झाला होता. बरण्या भरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चमचा त्यात उभा राहिला आणि तसाच राहिला. तो काढायला मला बरणी गरम पाण्यात ठेवावी लागली. एक बरणी मी आखाड्यावर, म्हणजे वावरातल्या झोपडीत, काश्मीरच्या गाडीची आठवण करून देणाऱ्या त्या शेजाऱ्यांसाठी घेऊन गेलो. त्यांनी ती उलटी केली. काहीच पडलं नाही. त्यांनी पुन्हा सुलटी केली आणि विचारलं, "ह्ये खायचं का लावायचं?"

मग खीर केली. दूध आटवलं, साखर घातली, वेलदोडे घातले, आणि किसलेलं सफरचंद उकळत्या दुधात सोडलं. दूध माझ्या डोळ्यांदेखत फाटलं. आंबट फळ दुधात घातल्यावर काय होतं, हे शाळेतल्या पोरालाही सांगता येईल. मला ते पातेल्याकडं बघताना आठवलं. बायकोनं ते फाटलेलं दूध तसंच आटवून त्याच्या वड्या पाडल्या. त्या बऱ्या लागल्या. पण त्यात माझं काही नव्हतं.

उरलेल्या फळांचा हलवा करायचा बेत केला. या वेळी मी सावध होतो. सालं काढून, घट्ट होती तेवढी किसून, काळं पडू नये म्हणून लिंबू पिळून मी तो कीस एका श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरला आणि फ्रिजमध्ये ठेवला. इतक्यात पिंगळीहून शेजाऱ्यांचा फोन आला की वावटळ सुटली आहे आणि आखाड्याचे पत्रे हलायला लागलेत. मी गाडी काढून गेलो.

त्याच दिवशी बायकोनं परसातल्या झाडाच्या कैऱ्या किसून ठेवल्या होत्या, तिच्या दरवर्षीच्या गुळांब्यासाठी. त्याही श्रीखंडाच्या डब्यात, त्याच फ्रिजमध्ये. आमच्या घरात श्रीखंडाचा रिकामा डबा कधी टाकून देत नाहीत. तिला कूलरच्या हवेनं सर्दी झाली होती, ना वास येत होता ना चव कळत होती. मी पत्रे बांधून, आंघोळ करून परत आलो तेव्हा ती हात पुसत बाहेर येत होती. म्हणाली, "माझा गुळांबा झाला. जावा आता, तुमचं काय ते करा."

मी फ्रिजमधला डबा काढला. कढईत साजूक तूप घातलं, कीस परतला, साखर घातली आणि शेवटी खवा. खव्याचे कण कण झाले. चव घेतली तर डोळे आपोआप मिटले. मी आणखी साखर घातली. मग आणखी. हलवा गोड होत गेला, पण आंबटपणा जागचा हलला नाही. बायकोनं एक घास घेऊन वाटी हळूच खाली ठेवली. "सर्दीनं काही कळंना मला," असं ती म्हणाली, पण तिच्या तोंडाकडं बघून तेवढं कळलं असावं असं वाटलं. मी हट्टानं दोन वाट्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी दात इतके आंबले होते की पोळीसुद्धा चावता येत नव्हती.

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून मी तिला सांगितलं, "झाडं तोडून टाकतो. लोक म्हणत होते ते खरं होतं."

ती म्हणाली, "राहू द्या. इहिरीपाशी सावली तरी पडंल." इतक्या दिवसांत सफरचंदांबद्दल ती पहिल्यांदाच चांगलं बोलली होती, आणि तेही सावलीबद्दल.

चार दिवसांनी मेहुणा पाथरीहून आला. त्याचं बाजारात काहीतरी काम होतं आणि जेवायला तो आक्काकडंच येतो. बायकोनं पोळीबरोबर गुळांबा वाढला. त्यानं एक घास खाल्ला आणि बरणी स्वतःकडं ओढली.

"आक्का, औंदा कैरी कुठली गं?"

"आपलीच की. परसातली."

"लय भारी झालंय. दरसालपेक्षा चांगलं." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "दाजी, तुमी निस्तं काश्मीरच्या मागं लागलाव. दारातली कैरी बगा काय चीज हाय."

मी मान डोलावली. भांडायला दातांत जोर नव्हता.

तिसऱ्यांदा वाढून घेतल्यावर त्याच्या तोंडात काहीतरी आलं. त्यानं ते बोटावर काढून बघितलं. लहानशी, तपकिरी, टोकदार बी होती. "कैरीला असली बी असती का?" त्यानं विचारलं.

बायकोनं ती बी हातात घेतली. तिनं बीकडं बघितलं, मग फ्रिजकडं, मग माझ्याकडं. "अहो," ती म्हणाली, "तुमचा डबा निळ्या झाकणाचा व्हता का पांढऱ्या?"

"निळ्या."

ती खुर्चीवर बसली. "निळा तर मी घेतला. मग तुमी हलवा माझ्या कैरीचा केलाव."

मला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी आधी हसलो, आणि मग उठून मेहुण्यासमोर उभा राहिलो. ते थोडं नाटकी झालं हे मान्य आहे. त्याला म्हणालो, "तू खाल्लंस ते पिंगळीचं सफरचंद आहे."

त्याचा घास हातातच राहिला. थोडा विचार करून म्हणाला, "तरीच म्हनलं, जरा मिळमिळीत लागायलंय." आणि घास तोंडात घातला. जाताना त्यानं एक बरणी मागून नेली.

त्यानंतर काही दिवस मी घरात जरा छाती काढून वावरलो. बायकोला ते सहन होत नव्हतं. ती म्हणाली, "झाडं तुमची, पण हात माझा व्हता." मी म्हणालो, "आणि चूक दोघांची." यावर तिनं मला उरलेली, पार पिकलेली थोडी फळं आणून दिली आणि या वेळी जाणून-बुजून गुळांबा करायला सांगितला. मी केला. तो चिकट आणि नुसताच गोडमिट्ट झाला. कारण शोधण्यात मी एक दुपार घालवली. लिंबू. चुकून झालेल्या गुळांब्यात मी आधीच लिंबू पिळलेलं होतं, आणि जाणून-बुजून केलेल्यात 'फळ मुळातच आंबट आहे' असं म्हणून शहाणपणानं ते वगळलं होतं. फळ जास्त पिकलं की आंबटपणा उतरतो, हे मी धरलंच नव्हतं.

आता दरवर्षी होतो तो असा. फळ पिवळं व्हायच्या आधी उतरवायचं, सोलून किसायचं, किसावर लगेच लिंबू. कीस पातेल्यात झाकण ठेवून स्वतःच्याच पाण्यात मऊ होऊ द्यायचा. मग चिरलेला गूळ, किसाच्या मापापेक्षा थोडा कमी. मंद आच, आणि उलथन्यावरून थेंब सावकाश पडायला लागला की उतरवायचं. थर्मामीटर नाही. वेलदोडे आणि किंचित जायफळ गार झाल्यावर. बरणी कोरडी पाहिजे, नाहीतर श्रावणापर्यंत बुरशी धरते. पहिल्या वर्षी एका बरणीला धरली होती, ती बरणी पुसून कोरडी करायचं काम माझं होतं.

कामाची वाटणीही ठरली आहे. सोलणं आणि किसणं माझं, शेगडी तिची. काट्यावरचा माणूस मी, आता किसणीवर असतो.

गेल्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांनी आखाड्यावर पोळीबरोबर हा गुळांबा खाल्ला. या वेळी बरणी उलटी केली नाही. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांच्या बायकोला पद्धत पाहिजे होती. मी आनंदानं सुरुवात केली. फळाची जात, थंडीचं महत्त्व, आंबटपणा कसा उतरतो, साखरेपेक्षा गूळ का बरा, असं सगळं नीट क्रमानं सांगायचं होतं. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला असावा, कारण मागं भांड्यांचा आवाज येत होता. मी गुळापर्यंत पोहोचायच्या आधीच एक बाईमाणूस मधे बोललं, "वैनी हायती का घरी? त्येंच्याकडं द्या की फोन."

मी दिला.