पोल म्हणजे डोकं

नाशकात तांबट आळीत आम्ही राहायचो. नवी घागर हातात आली की वडील टिचकी मारून ऐकायचे, कुठे पोल तर नाही ना. माणसांशीही त्यांचं तसंच. त्यामुळे सदतीस सालच्या निवडणुकीची चिठ्ठी घरी आली आणि तिच्यावर ‘पोलिंग स्टेशन’ दिसलं, तेव्हा ते हसले. “बघा, स्वतःच कबूल करतायत, यात पोल आहे म्हणून!”

चिठ्ठ्या दोन होत्या. लिहिता-वाचता येणाऱ्या बायकांना तेव्हा मत मिळालं होतं. आई चौथी शिकलेली, म्हणून तिचंही नाव यादीत होतं. ते मात्र वडिलांना मुळीच रुचलं नाही. “बायकांना कशाला बोलावतायत? काहीतरी काळंबेरं आहे.”

मी इंग्रजी पाचवीत होते आणि शिष्टपणा नको तितका. शाळेतला शब्दकोश पाहून मी ऐटीत सांगितलं, “पोल म्हणजे मुळात डोकं. डोकी मोजून कौल घेत, म्हणून मतदानालाही पोल. डोक्यावर बसवायच्या कराचं नावही त्यावरूनच पडलं.”

वडिलांचा चेहराच बदलला. “डोईपट्टी! आज मोजतील, उद्या वसूल करतील. मी जाणार नाही, हीसुद्धा जायची नाही.” आईची चिठ्ठी त्यांनी आपल्या टोपीत खोचली.

मला रडू आलं. चिठ्ठीवरचं स्वतःचं नाव ती पुन्हा पुन्हा वाचत होती, हे मी पाहिलं होतं. माझ्या शहाणपणाने तिची वाट अडली होती.

मतदानाच्या सकाळी आईने खुंटीवरच्या टोपीतून चिठ्ठी काढून घेतली.

“कुठे निघालीस?” वडिलांनी विचारलं.

“डोकी मोजतात म्हणे. मला जायचंय.”

मी तिच्यासोबत गेले. वडील थोडं अंतर ठेवून मागून येत होते, आमच्यावर आणि सरकारवर नजर ठेवून. मतदान एका शाळेत होतं. तिथून आई बाहेर आली तेव्हा ते फाटकाशीच उभे.

“काय विचारलं?”

“नाव.”

“आणखी?”

“काही नाही.”

त्यांना ते काही पटलं नाही.

संध्याकाळी घरापुढच्या आमच्या भांड्यांच्या दुकानावर एक नवं गिऱ्हाईक आलं. बोलता बोलता त्याने विचारलं, घरात माणसं किती? वडिलांचं उत्तर नेहमीचं होतं, ते आणि माझे दोन भाऊ.

“तिघं.”

आतून आईचा आवाज आला, “चौघं म्हणा. माझं मोजून झालंय. पोरीचं तेवढं राहिलंय.”