मोरी आली का?

गेल्या वर्षापासून संध्याकाळ झाली की आई पलंगावर उठून बसते आणि विचारते, "गाडी हळू झाली का रे? मोरी आली का? मले उतरवून दे."

आमच्या वर्ध्याच्या घरात आंघोळीच्या जागेला सगळे मोरीच म्हणतात. त्यामुळे माझी पत्नी तिला हाताला धरून खाली उतरवायची आणि तिथे नेऊन उभी करायची. तिथे पोचल्यावर आई चिडायची. "इथं काऊन आनलं मले? हे कोनती मोरी झाली?"

"आई, घरात एकच मोरी आहे हो," पत्नी थकून म्हणायची.

आई मग माझ्याकडे पाहायची, आणि मी काहीतरी काम असल्यासारखा दुसऱ्या खोलीत जायचो.

आईला दाखवायला नेले ते डॉक्टर नवे होते, तरुण होते, शांत होते. त्यांनी आईच्या देखतच मला विचारले, "या जे सांगतात ते कधी घडलेलं आहे, की नुसता भास आहे? नीट पाहून सांगा. भास असेल तर गोळी वाढवावी लागेल." आहे त्या गोळीनेच आई दुपारभर गुंगीत असते. ती वाढवली तर तिचे उरलेसुरले बोलणेही जाईल, एवढे मला कळत होते. ती शेजारी बसलेली असताना आम्ही तिच्याविषयी असे बोललो, याची लाज मला घरी आल्यावर वाटली. तेव्हा वाटायला हवी होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका कामासाठी मी पुलगावहून आर्वीच्या बसने निघालो होतो. रोहण्याच्या अलीकडे बस थांबली आणि वाहक ओरडला, "मोरीचं काम चालू हाये! ज्याले उतराचं त्यानं इथंच उतरा!"

रस्त्याखालून नाल्याचे पाणी जावे म्हणून बांधतात, ती मोरी. हा शब्द मी आयुष्यभर दोन्ही अर्थांनी वापरत आलो होतो. तरीही आईच्या तोंडून तो आला तेव्हा मला घरातल्या फरशीपलीकडे काही दिसले नव्हते. आईचे माहेर याच बाजूचे. पुलगाव ते आर्वी जी छोटी गाडी जायची, तिच्या रुळांपासून जवळ, पण त्या गावाला स्टेशन नव्हते. माझ्या जन्माआधीच आजोळची माणसे अमरावतीला गेली. त्यामुळे त्या गाडीने मी आजोळी कधी गेलोच नाही, आणि विचारावे असे आता तिथे कोणी उरलेले नाही. मग आई उतरायची कुठे?

पुढच्या रविवारी मी ती बंद पडलेली लाईन पायी धुंडाळायला गेलो.

वाटले होते तितके ते सरळ नव्हते. रूळ काही ठिकाणी बाभळींच्या मुळांत रुतलेले दिसत, मग एकाएकी नाहीसे होत. पुढे नुसती गिट्टी, त्यावर तरोटा माजलेला. एका शेतात तर भरावच सपाट करून तूर पेरली होती, आणि पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावर रुळांखालचे लाकडी सिलीपाट कुंपणाच्या खांबांसारखे उभे होते. बराच वेळ मी ज्या उंचवट्यावरून चाललो तो भराव नसून कालव्याचा बांध निघाला. मोऱ्या मात्र होत्या. एक नव्हे, कितीतरी. दगडी, कमानीच्या, सगळ्या एकमेकींसारख्या. प्रत्येकीपाशी मी थांबत होतो आणि प्रत्येक वेळी वाटत होते, हीच असेल. पुढची आली की तीही तशीच वाटे.

एका मळ्यात साठीपुढचे एक जोडपे वांगी तोडत होते. मी बाईंना विचारले, "इथून लाईन जात होती ना?"

"लाईन गेली ना सकाळीच," त्या म्हणाल्या. "आता रातच्यालेच येते. मोटर बंद हाये आमची."

"विजेची नाही हो. गाडीची."

"अगा बाई! ते तं कवाचीच गेली."

मी मोरीचे विचारले. माणसे मोरीपाशी उतरत असत का? त्या हसल्या. "उतरत होते म्हंजे? टेशनवरून कोन चालत येईन? मोरीवर गाडी हळू होये. गाठोडं टाकाचं खाली, अन् मांगून आपन. माहेरवाशिनी तं साऱ्या तिथंच उतरे. वरच्या मोरीवर."

"वरची कोणती?"

त्यांनी आर्वीच्या दिशेला हात केला. त्याच वेळी त्यांच्या यजमानांनी पुलगावच्या दिशेला केला.

"तुले काय मालूम?" ते म्हणाले. "वरची म्हंजे नाल्याच्या वरच्या अंगाची. चढ तिकडं होता, मनून गाडी हळू होये."

"चढ नोका सांगू मले. मी सासरी आली त्याच गाडीनं."

"आली, अन् पडली."

"मी कायले पडन? पडले तुमी! अख्ख्या गावानं पाह्यलं. अन् भाऊ, यायच्या हातातली मिठाई तेवढी नाई पडू देली यायनं."

यजमान वांग्यांच्या ओळीत खाली वाकले. मी आजोबांच्या घराची ओळख सांगून विचारले, त्या घरची लेक इथे उतरत असे का? बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिले. "असन ना. पन लेकी लय होत्या भाऊ. कोन कोनाची, कसं सांगू?" निघताना त्यांनी माझ्या पिशवीत वांगी टाकली आणि पैशांचे नाव काढू दिले नाही.

मी आधी आर्वीकडच्या मोरीवर गेलो, मग मागे फिरून पुलगावकडच्या. दोन्हींवरून पायवाट खाली उतरत होती. दोन्ही पायवाटा गावाकडेच जाऊ शकत होत्या. जे शोधायला निघालो होतो ते मला सापडले होते की नव्हते? गाडी हळू व्हायची, लेकी उतरायच्या, हे खरे ठरले. आई उतरली होती, हे कोणी सांगितले नव्हते. आणि उतरलीही असेल, तरी आज वर्ध्याच्या पलंगावर बसून मोरी आली का असे विचारणे, याला घडलेले म्हणावे की भास? मोरीच्या कठड्यावर बसून मी याचा विचार करीत राहिलो. उत्तर जवळ येते असे वाटे आणि पुन्हा हातून निसटे. आईची बाजू घ्यायला मी इथवर आलो होतो, की इतके दिवस तिचे न ऐकल्याची टोचणी शमवायला, हेही मला नीट सांगता येईना.

आईला घेऊन पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरांना मी सगळे सांगितले. बहुधा फार लांबवून, कारण ते मधूनच घड्याळ पाहत होते. शेवटी त्यांनी खुर्ची आईकडे वळवली.

"आजी, कुठं निघालात?"

आईने पदर सारखा केला. "ते सांगतो मंग. तुमी कोनत्या गावचे?"

"मी काटोलचा."

"काटोलचे?" आईने क्षणभर विचार केला. मग अनोळखी प्रवाशाला आपुलकीने वाट सांगावी तशी ती म्हणाली, "मंग तुमाले पुलगावाले गाडी बदला लागन. हे लहान गाडी हाये, पुलगावापुढं नाई जात. तिथून मोठ्या गाडीनं नागपूर, अन् नागपुराहून काटोल. लवकर निघजा, नाईतं मोठी गाडी सुटून जाते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "बरोबर आहे का हे?"

मी मनातल्या मनात आर्वीहून निघालो, पुलगावला उतरलो, नागपूरला पोचलो. "बरोबर आहे," मी म्हणालो.

"मग गोळी आहे तेवढीच राहू द्या," ते म्हणाले आणि त्यांनी पुढच्या रुग्णासाठी घंटी वाजवली.

आईला आधार देऊन मी बाहेर आणले. ती गाडी कित्येक वर्षांपासून धावत नाही, हे मी डॉक्टरांना सांगितले होते की नाही, ते मला जिना उतरताना आठवेना. लाईनविषयी मी इतके बोललो होतो, त्यात ते आलेच असणार. पण तसे वाक्य काही आठवेना. अर्ध्या जिन्यावर मी थांबलो. परत वर जाऊन ते सांगावे, की राहू द्यावे? आईने माझा दंड घट्ट धरला होता आणि पुढची पायरी ती पायाने चाचपत होती. मी तिच्याबरोबर खाली उतरलो.