वाळूतलं हिमस्खलन

फेब्रुवारी २००६, शनिवार, वाऱ्याने गारठलेला डच समुद्रकिनारा. हजर मी, नवरा आणि मास्ट्रिख्टला शिकणारी आमची मुलगी. तिला मैत्रिणींबरोबर ऑस्ट्रियात, आखलेल्या वाटा सोडून मोकळ्या उतारांवर स्कीइंगला जायचं होतं आणि नवरा हिमस्खलनाच्या धास्तीने नकोच म्हणत होता. "धोका ओळखता येतो हे दाखव, मग बोलू," असं मी तिला सांगितलं होतं. तिने वाळूच्या उतारावर कोरडी, भुसभुशीत वाळू पसरली, वर ओल्या वाळूचा जाड थर थापला, "बर्फातही असंच, खालचा थर कच्चा असतो," म्हणत फावड्याने चौकोनी खांब कापला आणि त्यावर हलक्या टपल्या मारल्या. वरचा थर अख्खा घसरून नवऱ्याच्या बुटांवर आला. "बाबा, तू गेलास," ती म्हणाली. "आणि मैत्रिणी म्हणाल्या, चल गं, काही होत नाही, तर?" मी विचारलं. "तर त्या चिडतील आणि मी खालीच थांबेन. तुझीच मुलगी आहे." नवरा बूट झटकत म्हणाला, "फावडं न्यायला विसरू नकोस." परतताना माझी मान ताठ होती. आज शेड आवरताना तेच फावडं हाती लागलं. खरा बर्फ खणून दाखवते, चल, असं ती दर हिवाळ्यात म्हणते; माझं तिकीट काढायचं अजून राहिलंच आहे.